बांगडे, प्रबलन आणि तुळसा

आधीच सांगून ठेवतो, माझा हेतू वाईट नव्हता. (माझ्या हातून आजवर जे जे बिघडलंय ते चांगल्याच हेतूनं. वाईट हेतूनं काही करायला जी हुशारी लागते ती माझ्यात नाही, असं आमच्या तुळसाचं मत आहे.) मी फक्त एवढंच ठरवलं, की बायकोचं कौतुक करायचं. तुम्ही म्हणाल, यात ठरवायचं काय? तर मग तुम्ही रत्नागिरीचे नव्हे.

तुळसा म्हणजे माझी बायको. माहेर देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मी काशीराम, सरकारी कचेरीत आवक-जावकचा क्लार्क. घर जांभ्या चिऱ्याचं, पुढे पडवी, मागे स्वयंपाकघर, मागीलदारी दगडांचा गडगा आणि गडग्यापलीकडे नसीमाभाभी. भाभींचे करीमभाई कुवेतला. त्यामुळे भाभींना आमच्या घरात काय चाललंय ते ऐकायला भरपूर वेळ असतो.

तर तुळसा गुणगुणते. म्हणजे गुणगुणायची. संध्याकाळी मासे साफ करायला ती मागीलदारी विळी घेऊन बसली, की बांगड्याचं पहिलं डोकं उडायच्या आत तिचं सुरू व्हायचं. शब्द नाहीत, गाणं नाही, नुसता नाकातला एक सूर. वर जायचा, जरा थांबायचा, मग आपला सावकाश खाली यायचा. मासे झाले की नारळ खवताना चालू, वाटताना चालू. कालवणाला उकळी आली की बंद. आपण गुणगुणतो हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मी पडवीत पेपर तोंडासमोर धरून ऐकायचो. कचेरीतली माणसं म्हणत, काशीराम घड्याळ बघून उठतो, कामचुकार आहे. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुळसाला तर नाहीच नाही.

पण माणसाला हाव सुटते. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार मासळी नाही. त्या दिवशी भाजी चिरताना तुळसा गप्प. मला वाटायला लागलं, गुरुवारी पण गुणगुणली तर काय बिघडेल?

आणि नेमकं तेव्हाच कचेरीत दोन दिवसांचं ट्रेनिंग आलं. नुकतेच कॉम्प्युटर आले होते. क्लार्क त्यांना हात लावायला तयार नव्हते, तेव्हा आधी क्लार्कांची मानसिकता सुधारावी असं वरच्यांना वाटलं असावं. पुण्याहून एक साहेब आले. प्रोजेक्टर लावून त्यांनी भिंतीवर एक कबुतर दाखवलं. कबुतर पेटीत, पेटीला बटण. बटणावर चोच मारली की दाणा. कबुतर शिकतं, पुन्हा पुन्हा चोच मारतं.

"याला म्हणतात प्रबलन," साहेब म्हणाले. "ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वागणं वाढतं. आणि गंमत पुढे आहे. दाणा दर वेळी दिलात आणि एक दिवस बंद केलात, तर कबुतर लगेच नाद सोडतं. पण दाणा कधी दिला, कधी नाही, असं केलंत तर ते चोच मारतच राहतं. कारण पुढच्या वेळी मिळेल, ही आशा! मिरकरवाड्याच्या जेटीवर गरी टाकून बसलेली माणसं बघा. मासा रोज लागत नाही, म्हणूनच रोज बसतात."

हे मला एकदम पटलं. माझा मेव्हणा तिथे बसून बसून काळा पडलाय. तेव्हा पद्धत ठरली. आधी दर वेळी दाणा, मग अधूनमधून, आणि एकदा सवय लागली की दाण्याशिवायसुद्धा काम चालू. (दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी आणखी एक महत्त्वाचा मुद्दा सांगितला म्हणे. पण कचेरीनं जेवणात सुरमई ठेवली होती, आणि सुरमईनंतर मी कधीच जागा राहू शकलेलो नाही.)

बुधवारी बांगडे आणले. तुळसा विळीवर बसली, सूर सुरू झाला. मी पेपर खाली ठेवला, स्वयंपाकघर ओलांडून मागीलदारी गेलो आणि दाणा टाकला.

"वा!"

सूर थांबला. बांगडाही थांबला.

"काय झालं?" तुळसा म्हणाली.

"काही नाही. वा म्हटलं."

"का?"

"छान वाटलं म्हणून."

तिनं विळी आडवी केली, हात धुतले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "काय हवंय?"

"काही नको गं."

"तुमची आई येणार आहे का राहायला?"

"नाही!"

"मग बदली झाली?"

"नाही म्हटलं ना!"

"मग वा कशाला म्हणता उगीच! जा, बसा पडवीत."

हे असं होणार हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडे कौतुक तोंडानं करत नाहीत. कालवण झकास झालं असेल तर नवरा म्हणतो, "भात आहे का अजून?" हे सर्वोच्च पारितोषिक. मुलगा बोर्डात पहिला आला तर बाप म्हणतो, "बरं झालं." नवी साडी नेसून बायको समोर आली तर "उशीर होतोय" म्हणायचं आणि दोन्ही पक्षांनी समजून घ्यायचं. याच्यापुढे कुणी गेला तर समजावं, एक तर त्याला काही हवंय किंवा त्यानं काही करून ठेवलंय.

पण साहेबांनी सांगितलं होतं, सुरुवातीला धीर सोडायचा नाही. शुक्रवारी मांदेली आणली. "वा! काय गळा आहे!" रविवारी कोलंबी. "वा, वा!" दर खेपेला सूर आधीपेक्षा लवकर तुटायचा. पुढच्या बुधवारी तर नुसता "हुं" एवढाच आवाज आला आणि मी "वा!" म्हणालो. नंतर कळलं, तिच्या बोटात काटा गेला होता.

तेव्हा मी शास्त्राप्रमाणे दुसऱ्या पायरीवर गेलो. अधूनमधून प्रबलन. म्हणजे आता कौतुक कधी येईल याचा नेम नाही. दोन दिवस काहीच बोलायचं नाही आणि तिसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालत असताना मागून जाऊन म्हणायचं, "काय सुंदर पिळतेस!" एकदा मी पोस्टातून आलो तर दोघी गडग्यापाशी बोलत उभ्या होत्या, तेव्हा नसीमाभाभींच्या देखत म्हणालो, "आमची तुळसा आहे म्हणून घर आहे." भाभींच्या हातातलं सूप पडलं. तुळसा डोळ्याला पदर लावून आत गेली.

मला वाटलं, लागला मासा!

आणि खरंच घरात फरक दिसायला लागला. जेवताना कोलंबीतली मोठी कोलंबी माझ्या पानात. मी कचेरीतून आलो की हातातली पिशवी घ्यायला दारात. "दमलात का?" "दोन उशा घेता का?" "पायरीवर जपून हं." आमटीत मीठ कमी, पापड बंद, लोणचं कपाटात वर गेलं. मी विचार केला, प्रबलन एवढं जबरदस्त झालंय की गुणगुणणं सोडून बाकीच्या सगळ्या खात्यांतही पसरलंय. फक्त गुणगुणणं तेवढं बंद होतं. पार बंद. बुधवार काय, शुक्रवार काय, मागीलदारी विळीचा खर्र खर्र आवाज आणि मध्येच नाक ओढल्याचा. (मी म्हटलं, कांदा असेल. बांगडे साफ करताना कांदा कुठून येणार, हा प्रश्न मला पडला नाही.)

आणि एका शनिवारी दारात मेव्हणा हजर. विठू. आता हा जेटीवर गरी टाकणारा नव्हे, तो चुलत. हा सख्खा, देवरूखकडचा, शेती करणारा. हातात पिशवी, काखेत जिवंत गावठी कोंबडी. चेहरा असा उतरलेला, की मला वाटलं त्याच्याच घरी काही झालं.

तुळसा पाणी आणायला आत गेली. विठू कोंबडीसकट माझ्याजवळ सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "भावोजी, कधीपासून चाललंय ह्ये?"

मी दचकलो. तुळसानं ओळखलं की काय? पण पुरुषापुरुषांत लपवायचं कशाला! म्हटलं, "ट्रेनिंगपासून."

"तिथं कळलं?"

"हो. पुण्याचे साहेब आले होते. त्यांनी भिंतीवर लाइट टाकून अगदी व्यवस्थित दाखवलं."

"म्हणजे फोटू काढलावता?"

"फोटोच. अगदी स्वच्छ दिसत होतं. आतला दाणासुद्धा."

"दाणा!" विठू मटकन खाली बसला. "मंग काय म्हनाले?"

"म्हणाले, पहिल्यांदा रोज द्यायचं. मग हळूहळू एक दिवसाआड करत न्यायचं. शेवटी शेवटी काही द्यायला लागत नाही."

"आरं द्येवा!" विठूनं कोंबडीच्या पिसांत तोंड खुपसलं. "आनि ताईला तुमी सांगितलाव नाय?"

"छे! तिला कळलं तर सगळंच फुकट जाईल. तिच्याच भल्यासाठी चाललंय ना सगळं. नंतर ती आपोआप गायला लागेल, तुम्ही बघालच."

यावर विठू हंबरडा फोडून रडायला लागला, कोंबडी सुटली, आणि आतून तुळसा पाण्याचा तांब्या टाकून धावत आली. "मला ठाऊक होतं!" ती ओरडली. "मला ठाऊक होतं गो बाय! मला कुणी सांगितलं नाय तरी मला ठाऊक होतं!" गडग्यापलीकडून नसीमाभाभी "या अल्ला, काय झालं?" करत आल्या. तीन माणसं माझ्याभोवती रडत होती आणि मी त्या सगळ्यांना "अरे पण झालंय काय?" असं विचारत होतो.

"तुम्हाला काय झालंय ते तुम्ही सांगा!" तुळसा म्हणाली. "कॅन्सर आहे ना?"

मग मी सांगितलं. कबुतरापासून सांगितलं. पेटी, बटण, दाणा, गरी, वा. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला, कारण स्वतःच्या घरात, बायको, मेव्हणा आणि शेजारीण यांच्यासमोर मोठ्यानं सांगितल्यावर तो सिद्धांत पुण्याच्या साहेबांच्या तोंडी वाटला होता तेवढा भारदस्त वाटेना.

"म्हंजे तुमी मरत नाय?" विठूनं विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"अरे नाही रे!"

"मंग मी कोंबडी कशाला आनली?" विठू म्हणाला, आणि ती धरायला अंगणात गेला.

तुळसा आधी हसली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. देवापुढे जाऊन नारळ ठेवून आली. मला वाटलं, सुटलो. मग ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि तिचा चेहरा बदलला.

"आमचे आबा," ती म्हणाली, "जन्मात कधी कुणाला बरं म्हणाले नाहीत. पेज दिली की प्यायची आणि भांडं सरकवायचं. शेवटच्या आजारात एक दिवस मी पेज घेऊन गेले तर म्हणाले, तुळसे, तुझ्या हाताला चव आहे गो. मी बाहेर येऊन रडले. मला तिथेच कळलं, आबा आता राहत नाहीत. महिना काढला नाही त्यांनी. आणि तुम्ही त्या बुधवारी वा म्हणालात. मला आबाच आठवले. मग रोज वा. मी विळीवर बसले की वाटायचं, आता येतील आणि म्हणतील. हात चालेना हो माझा. शेवटी विठूला निरोप धाडला."

मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. माणूस भित्रा असला, आळशी असला, तर निदान दुसऱ्याच्या जिवाला घोर लावत नाही. मी मात्र दोन आठवडे मेहनत घेऊन, शास्त्रशुद्ध पद्धतीनं माझ्या बायकोला विधवा होण्याची धास्ती घातली होती.

"पण मी गुणगुणते?" तिनं एकदम विचारलं. "कधी?"

"रोज. म्हणजे मासे साफ करताना."

"काहीतरीच! कसं?"

मी गुणगुणून दाखवलं. अंगणात विठूच्या हाती आलेली कोंबडी पुन्हा सुटली.

"असलं?" तुळसाचा चेहरा पडला. "आणि ते नसीमाभाभींना ऐकू जातं?"

"नाय गो, तू चांगलं करतेस," भाभी घाईनं म्हणाल्या. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. इतकी वर्षं जे तिच्या नकळत चाललं होतं, ते आता तिला कळलं होतं. तेसुद्धा माझ्या आवाजात.

त्यानंतर आमच्या मागीलदारी शांतता झाली. माझं चुकलं होतं हे मी मान्य केलं, वा म्हणणं बंद केलं, लोणचं कपाटातून खाली आलं, मोठी कोलंबी पूर्वीसारखी ज्याच्या नशिबात असेल त्याच्या पानात जायला लागली. पण सूर काही परत आला नाही. एकदा माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. विळीवर बसल्या बसल्या तिनं मुद्दाम गुणगुणायला घेतलं. सरळ, ताठ, शाळेतल्या प्रार्थनेच्या चालीवर. मध्येच थांबून म्हणाली, "असंच ना?" मी म्हटलं, "राहू दे गं." ती म्हणाली, "मला येतच नाही हो आता."

शेवटी मी एसटीडी बूथवरून पुण्याच्या साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"बक्षीस दिल्यावर वागणं वाढलं की कमी झालं?" साहेब म्हणाले.

"बंदच पडलं."

"मग ते बक्षीस नव्हतंच. ती शिक्षा झाली."

"शिक्षा? अहो, मी वा म्हणालो!"

"दाणा कशाला म्हणायचं ते तुम्ही नाही ठरवायचं. कबुतर ठरवतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर हेच तर सांगत होतो मी."

(सुरमई!)

"बरं, आधी, म्हणजे त्या छान गुणगुणायच्या तेव्हा, तुम्ही काय करत होता?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. पडवीत पेपर वाचत होतो."

"मग तेवढंच करत राहायचं होतं," असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

मी पुन्हा पेपर वाचायला लागलो. पेपर पाठ झाला, पण सूर नाही. आता पेपरच्या मागे कान आहेत हे तुळसाला ठाऊक झालं होतं. पेपर उलटायचा आवाज झाला तरी तिची विळी थांबायची.

असे कितीतरी दिवस गेले. एक दिवस कचेरीला निघताना नसीमाभाभींनी गडग्यावरून हाक मारली.

"काशीरामभाऊ, एक सांगू? रागवायचं नाय."

"सांगा."

"ती गुणगुणते."

माझा पाय पायरीवरच राहिला. "कधी?"

"तुम्ही गेलात की. कोपऱ्यावर तुमची छत्री दिसेनाशी झाली की चालू. भाजी चिरताना, भांडी घासताना. काल गुरुवार होता ना? दिवसभर! माझ्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात." भाभींनी माझ्याकडे बघून जरा मवाळ आवाजात सांगितलं, "म्हणजे तुमच्यावर राग नाय तिचा. तुम्ही घरात नसलात की बरं वाटतं तिला, एवढंच."

आता एवढं ऐकल्यावर समजूतदार नवरा काय करील? बाहेर राहील. मी तेच केलं. संध्याकाळी मासे आणून द्यायचे, "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणायचं, हमरस्त्यानं वळसा घालायचा आणि नसीमाभाभींच्या मागीलदारी येऊन, गडग्याच्या या बाजूला, त्यांच्या वाळत घातलेल्या सुकटीच्या शेजारी वाकून उभं राहायचं. पायाला लाल मुंग्या चावायच्या. भाभी मला बघून मान हलवायच्या आणि आत जायच्या. आणि मग पलीकडे विळी वाजायची, आणि सुरू व्हायचं.

अगदी पूर्वीसारखं. वर जायचं, जरा थांबायचं, सावकाश खाली यायचं. स्वतःच्या घराच्या मागे चोरासारखा उभा राहून स्वतःच्याच बायकोचं गुणगुणणं ऐकणारा माणूस मी आहे, याची मला लाज वाटायची. आणि ते संपू नये असंही वाटायचं. एके काळी हे मला बसल्या जागी, फुकट, घरपोच मिळत होतं हो.

परवाच्या शुक्रवारी असाच उभा होतो. तुळसा सरंगा कापत होती आणि त्या दिवशी तिला काय झालं होतं कोण जाणे, सूर वर गेला तो खाली यायलाच तयार नाही. तिथेच फिरत राहिला, वळला, आणखी वर गेला. मी मुंग्या विसरलो, सुकट विसरलो, साहेब विसरलो.

"वा!"

तोंडातून निघूनच गेलं. दोन आठवड्यांच्या मेहनतीनं कुणाला सवय लागली असेल तर ती मलाच.

पलीकडे सूर थांबला. मी खाली बसलो.

"नसीमाभाभी," तुळसाची हाक आली, "तुमच्याकडे कोण आहे गो?"

भाभी दारात आल्या. माझ्याकडे बघितलं. फार भली बाई. "कोण नाय गो," त्या म्हणाल्या, "मांजर आहे."

मग तव्यावर तुकडी टाकल्याचा चर्र आवाज आला.

मी चपला हातात घेऊन, वाकून, रस्त्यानं वळसा घालून घरी पोचलो. चेहरा फिरून आलेल्या माणसाचा केला. स्वयंपाकघरात तुळसा पाटावर बसली होती, आणि तिच्यासमोर कुणाचं तरी एक पांढरं मांजर माझ्या ताटातून तळलेला सरंगा खात होतं. मधली तुकडी. माझी.

"अगं, हे काय?"

"नसीमाभाभींकडचं आहे," तुळसा माझ्याकडे न बघता म्हणाली. "मघाशी 'वा' म्हणालं बिचारं. म्हटलं, काहीतरी द्यायला हवं. तुम्हाला डाळभात वाढू का?"